‘आम्हाला माहीत नाही’ : एका बालकर्करोग विभागाच्या संशोधन-सेवेचे परीक्षण

आमच्या मुलीवर ऑक्टोबर २०२१ पासून सुमारे सव्वादोन वर्षे रक्ताच्या कर्करोगाचे उपचार झाले आणि ते एका संशोधन-अभ्यासाचा भाग म्हणून झाले. हे परीक्षण त्या बालकर्करोग विभागाचे, आणि विशेषतः त्याला जोडलेल्या संशोधन-कक्षाचे आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत. आणि मूल बरे झालेल्या बापाने नाव घेऊन केलेली तक्रार जितकी कृतघ्न वाटते, तितकीच नाव घेऊन केलेली स्तुती जाहिरातीसारखी वाटते. शिवाय ज्याच्या घरात हा आजार नुकताच आला आहे त्याला अशा विभागाकडून काय मागायचे, कशाची अपेक्षा ठेवायची आणि कशावर अडून बसायचे, हे कळणे रुग्णालयाच्या नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तीन आठवडे ती जिना चढायला नकार देत होती, पाय दुखतो म्हणत होती आणि आम्ही ते नखरे समजत होतो. मग नडग्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले, ओठ पांढुरके पडले, आणि एका साध्या रक्ततपासणीनंतर अहवाल येण्याऐवजी प्रयोगशाळेतून फोन आला. निदान झाले तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, बी-पेशींच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जातीच्या, प्रकारचे. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. त्या रात्री डॉक्टरांनी आम्हा दोघांना एका खोलीत बसवले, दार लावून घेतले, स्वतःचा फोन बंद करून टेबलावर उपडा ठेवला आणि तीन गोष्टी सांगितल्या : आजाराचे पूर्ण नाव, तो बहुतेक मुलांमध्ये बरा होतो हे, आणि आमच्या हातून घडलेल्या किंवा राहून गेलेल्या कशामुळेही तो झालेला नाही हे. तिसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. नखरे म्हणून दटावल्याचे आम्ही त्यांना सांगितले नव्हते, पण प्रत्येक घरात असे काहीतरी असतेच, हे त्यांना ठाऊक असावे.

पहिला महिना इंडक्शनचा, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याचा. छातीच्या कातडीखाली पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडण्याची छोटी डबी, बसवला, पाठीतून इंजेक्शने झाली, स्टिरॉइडने चेहरा गोल झाला, रात्री अडीचला उठून ती भुकेने रडू लागली आणि केस उशीवर राहू लागले. या महिन्यातल्या सेवेविषयी तक्रार नाही. पाठीत सुई टोचताना प्रत्येक वेळी मुलीला गुंगी दिली गेली, आणि पोर्टमध्ये सुई घालण्याआधी बधिर करणारे मलम लावून पूर्ण वेळ थांबण्याचा नियम सिस्टरांनी गर्दीच्या दिवशीही मोडला नाही. घाईत असलेला माणूस सर्वांत आधी हीच पाऊण तासाची वाट पाहणे कापतो, म्हणून ते मुद्दाम नोंदवतो.

महिन्याच्या शेवटी बोन मॅरोची तपासणी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसत होता. परंतु आता तेवढ्यावर कोणी समाधान मानत नाही. एमआरडी नावाच्या तपासणीत दहा हजार पेशींमध्ये एखादी जरी कर्करोगाची पेशी उरलेली असली तरी ती सापडते, आणि पुढचा उपचार किती कडक करायचा हे त्या आकड्यावरून ठरते. आमचा आकडा आला, मुलगी मधल्या जोखमीच्या गटात बसली, आणि आम्हाला संशोधन-कक्षात बोलावणे आले.

त्या भेटीसाठी या विभागाला मी पूर्ण गुण देतो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. डॉक्टरांनी एका कागदावर दोन रेघा ओढल्या. एक रेघ म्हणजे नेहमीची केमो, जिच्यावर या गटातील बहुतेक मुले बरी होतात. दुसरी रेघ म्हणजे तीच केमो, अधिक ब्लिनाट्युमोमॅब नावाच्या औषधाच्या दोन फेऱ्या. हे औषध म्हणजे दोन हातांचे प्रथिन : एका हाताने ते शरीरातल्या लढणाऱ्या टी-पेशीला धरते, दुसऱ्या हाताने बी-पेशीवरच्या सीडी१९ या खुणेला, आणि दोघींना इतके जवळ आणते की टी-पेशी तिला मारून टाकते. आजार उलटलेल्या रुग्णांमध्ये ते २०१४ पासून मान्यतेने वापरले जात होते. नव्याने निदान झालेल्या मुलांना ते सुरुवातीलाच दिले तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते का, हा प्रश्न होता. कोणते मूल कोणत्या रेघेवर जाईल हे आम्ही ठरवणार नव्हतो, डॉक्टरही ठरवणार नव्हते; संगणक चिठ्ठी काढणार होता.

माझ्या पत्नीने कोणतीही आई विचारील तोच प्रश्न विचारला : “दोन्हींपैकी चांगले कोणते?”

डॉक्टर म्हणाले, “आम्हाला माहीत नाही. माहीत असते, तर तुम्हाला इथे बसवून चिठ्ठीचे विचारलेच नसते. जे चांगले तेच दिले असते.”

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. नवे औषध चांगले असावे असे त्यांना वाटते, पण डॉक्टरांना जे वाटते ते पूर्वी अनेकदा खोटे ठरले आहे, हेही त्यांनी सांगितले. त्या औषधाने झटके येऊ शकतात, ताप आणि रक्तदाब खाली जाण्याचा त्रास होऊ शकतो, संसर्ग वाढू शकतो, हे सांगितले. नकार दिला तर उपचारात तसूभरही फरक पडणार नाही आणि मध्येच बाहेर पडायचे झाल्यास कारण द्यावे लागणार नाही, हेही सांगितले. आणि निर्णयासाठी वेळ देऊन घरी पाठवले. महिनाभर मी ज्याला-त्याला ठाम उत्तरे मागत फिरत होतो. ठाम उत्तर नाकारणाऱ्या या माणसावर माझा विश्वास बसला.

संमतिपत्राविषयी मात्र मला असे म्हणता येत नाही. तीस-पस्तीस पानांचे ते बाड वकिलाने वैद्यकीय कोश समोर ठेवून लिहिल्यासारखे होते. ‘दुर्मीळ परंतु गंभीर’ या सदराखाली मृत्यूचा उल्लेख ज्या परिच्छेदात होता, त्याच परिच्छेदात हातावर पुरळ उठण्याचाही होता. ज्याचे मूल महिन्याभरापूर्वी धडधाकट होते आणि जो चार तासांहून अधिक झोपलेला नाही, अशा माणसाने हे वाचून समजून सही करावी, ही अपेक्षा कागदोपत्रीच खरी ठरते. आम्हाला तारले ते संशोधन-कक्षाच्या समन्वयक बाईंनी. त्यांनी शिसपेन्सिलीने आमच्या प्रतीवर पाच ठिकाणी फुली मारली आणि म्हणाल्या, “एवढी पाच आज वाचा, बाकीची उद्या, आणि जे कळणार नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा.” आमच्या प्रतीवर एकवीस प्रश्नचिन्हे होती. त्या प्रत्येकावर बोलल्या. ती प्रत अजून आमच्याकडे आहे. चांगली सेवा एका व्यक्तीच्या भलेपणावर टेकलेली असणे हा तिचा दोषच आहे. बाई रजेवर असत्या तर काय, या प्रश्नाला विभागाकडे उत्तर नव्हते.

आम्ही होकार दिला. चिठ्ठी जुन्या औषधांची निघाली.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाची नव्या औषधाची निघाली, त्यामुळे ते औषध आम्ही अगदी जवळून पाहिले. ब्लिनाट्युमोमॅब शरीरात दोनेक तासांतच निम्मे होते, म्हणून ते एकदा टोचून भागत नाही. अठ्ठावीस दिवस अखंड, थेंब-थेंब आत जावे लागते. पहिले काही दिवस रुग्णालयात नजरेखाली काढून मूल घरी जाते ते पाठीवर पिशवी घेऊन. पिशवीत औषधाची थैली आणि मुठीएवढा पंप. पंपातून ठरावीक वेळाने मांजर घोरावे तसा बारीक आवाज येई. नळी शर्टाखालून पोर्टकडे गेलेली. तो मुलगा पिशवीसह झोपायचा, पिशवीसह चित्रे काढायचा, आणि एकदा दाराच्या कडीत नळी अडकल्यावर जागच्या जागी असा थबकला की त्याच्या आईला हसू आणि रडू एकदमच फुटले. आमच्या मुलीला त्या पिशवीचा हेवा वाटे. तिला पिशवी का नाही, असे तिने विचारले तेव्हा मी सांगितले की संगणकाने चिठ्ठी काढली. तिने विचारले, “मग त्याला अजून एकदा काढायला सांगा ना, बाबा.”

या विभागात प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला पालकांना एक तक्ता मिळतो. त्याला सगळे ‘नकाशा’ म्हणतात. कोणत्या दिवशी कोणते औषध, किती, पोर्टमधून की पाठीतून की तोंडाने, हे सारे चौकटींत. दिलेल्या औषधापुढे सिस्टर आपली सही करतात आणि तुम्ही तुमची. केवळ चूक टाळण्यासाठीही हा कागद मोलाचा आहे, आणि जो विभाग तो देत नसेल त्याच्याकडे तो मागून घ्यावा. पण डे-केअरच्या खुर्चीत बसून मी त्याचा आणखी एक उपयोग केला : त्यावरच्या एकेका नावाचा माग काढू लागलो.

मेथोट्रेक्सेटच्या मागे सिडनी फार्बर निघाले. त्यांनी १९४८ साली बॉस्टनमध्ये त्याच कुळातल्या अमिनोप्टेरिनने सोळा मुलांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. दहा मुलांमध्ये आजार मागे हटला, पण थोड्या काळापुरताच. ते औषध ज्या चमूने तयार केले त्याचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, जे त्याच वर्षी वारले. विन्क्रिस्टिन निघाले सदाफुलीच्या झाडातून. ज्या रोपाकडे कोणी वळून पाहत नाही त्याच्या अर्काने आमच्या मुलीचे पाऊल काही महिने लुळे पडले होते आणि तिच्या रक्तातल्या रोगट पेशीही मेल्या होत्या. मर्काप्टोप्युरिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांचे. १९५३ मध्ये ते वापरात आले आणि १९८८ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. मेंटेनन्सच्या, म्हणजे शेवटच्या लांबलचक टप्प्याच्या, काळात हीच गोळी रोज रात्री घ्यायची असते, आणि ती सुरू करण्यापूर्वी मुलाच्या शरीरात ती किती वेगाने मोडते हे सांगणारी टीपीएमटी व एनयूडीटी१५ या जनुकांची चाचणी करून डोस ठरवता येतो. आमच्या मुलीची चाचणी झाली आणि तिचा डोस कमी ठेवला गेला. वीस-तीस वर्षांपूर्वी तोच डोस पूर्ण दिला गेला असता, तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, तळाला गेले असते आणि तसे का झाले हे कदाचित कोणालाच उमगले नसते.

ही औषधे एकेकटी देऊन मुले वाचत नव्हती. १९६२ च्या सुमारास एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइश यांनी चार औषधे एकत्र देण्याचे धाडस केले, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना ते क्रौर्य वाटले होते. पुढे मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूच्या आवरणात लपणाऱ्या पेशींसाठी पाठीतली इंजेक्शने आणि डोक्याला किरणोपचार जोडले आणि त्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुले बरी होऊ लागली. आज साधने उपलब्ध असलेल्या देशांमध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. यातली सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डोक्याला दिलेल्या किरणांनी मुले वाचत, पण त्यांची शिकण्याची गती आणि उंची मार खात असे. म्हणून पुन्हा अभ्यास झाले, पुन्हा मुलांचे गट पडले, आणि पाठीतली इंजेक्शने नीट दिली तर बहुतेक मुलांना किरणांची गरज नाही हे सिद्ध झाले. आमच्या मुलीच्या डोक्याला किरण लागले नाहीत. संशोधन म्हणजे नवे औषध, असे मी समजत होतो. तिला मिळालेली एक मोठी देणगी म्हणजे तिला जे दिले गेले नाही ते.

आता तक्रारी. पहिली, रात्रीच्या तापाची. ताप ३८ अंशांवर गेला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू झाले पाहिजे, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतले होते. त्यासाठी एक ओळखपत्र आणि एक क्रमांक दिला होता. मुलीचे काउंट शून्याच्या घरात असताना एका पहाटे ताप भरला. क्रमांकावर बारा मिनिटे कोणी बोलले नाही, आणि तातडीच्या विभागातल्या नव्या माणसाने ओळखपत्र उलटसुलट पाहून आम्हाला रांगेत बसवले. अँटिबायोटिक सुरू व्हायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. मुलगी निभावली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः येऊन चूक मान्य केली, लेखी तक्रार द्यायला सांगितले, आणि महिन्याभरात त्या ओळखपत्राचा रंग भडक तांबडा झाला व तातडीच्या विभागाच्या खिडकीवर त्याचे चित्र लागले. तरीही या बाबतीत गुण शून्यच. ज्या विभागात दहा हजारांतली एक पेशी हुडकतात, तिथे रात्री फोन उचलला जात नसेल तर ते हुडकणे कशासाठी?

दुसरी तक्रार थोरल्या मुलाची. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. सव्वादोन वर्षांत विभागातल्या कोणी त्याला नावाने हाक मारली नाही, अपवाद एका सिस्टरांचा, ज्या त्याला ‘दादा’ म्हणत आणि एकदा त्याच्याकडून रिकामी सिरिंज धरून पाणी उडवून घेतले. समुपदेशक होते, पण आजारी मुलासाठी आणि आईबापांसाठी. भावंडांसाठी काहीच नव्हते. त्याने एकदा मला विचारले की आजार त्याच्यामुळे तर झाला नाही ना, कारण त्याने तिला ढकलले होते. पहिल्या रात्री आम्हाला दोनदा सांगितली गेलेली ती तिसरी गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती, आम्हीही नाही.

तिसरी किरकोळ आहे, पण माझ्या मनात सलते. भिंतींवर आणि पत्रकांवर सर्वत्र मुलांना ‘लढवय्ये’ म्हटले होते. त्याच मजल्यावर दोन मुले आमच्या काळात गेली. ती कमी लढली असे कोणाला म्हणायचे आहे?

निकाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. मुलीचे उपचार संपून वर्ष होत आले होते. बातमी आमच्यापर्यंत वाऱ्याने येण्याआधी डॉक्टरांनी फोन केला, हे या सेवेच्या बाजूने नोंदवतो. अभ्यासात चिठ्ठी निघालेली १,४४० मुले होती. तीन वर्षांनी रोगमुक्त असण्याचे प्रमाण केवळ केमोच्या गटात ८७.९ टक्के, आणि केमोसोबत ब्लिनाट्युमोमॅब मिळालेल्या गटात ९६ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की पहिल्याच अंतरिम पडताळणीनंतर देखरेख समितीच्या सल्ल्याने चिठ्ठी काढणे थांबवले गेले. संसर्गाचा त्रास नव्या औषधाच्या मुलांना काही गटांत अधिक झाला, तेही डॉक्टरांनी झाकले नाही.

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ स्वयंपाकघरात उभा होतो. आमची चिठ्ठी मागे पडलेल्या रेघेची होती. मुलगी बरी होती, आजही आहे. पण त्या रात्री मला पिशवीचा हेवा वाटला, तिच्यासारखाच. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारले की आम्ही चूक केली का. त्यांनी सांगितले की अभ्यासात नसतो तर तिला नेमके हेच, जुनेच उपचार मिळाले असते. आणि दुर्दैवाने आजार उलटला, तर ते औषध तिच्यासाठी अजून शिल्लक आहे. मग थोडे थांबून म्हणाले की शहाण्णव हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो अठ्ठ्याऐंशीच्या शेजारी ठेवल्यावर बोलतो. मला त्याने लगेच बरे वाटले नाही. पण अनेक दिवसांनी, नकाशांची फाइल आवरताना, डोक्याला किरण न लागण्याचा आमचा वाटा कोणत्या तरी मुलांच्या अशाच चिठ्ठ्यांमधून आला होता, हे आठवले, आणि फाइल कपाटात ठेवताना हात जरा हलका पडला.

ही सेवा कोणी घ्यावी? विचारणा झाली तर प्रत्येकाने निदान ऐकून तरी घ्यावी, आणि ऐकताना अभ्यास कोणत्या टप्प्याचा आहे हे आधी विचारावे. आमचा तिसऱ्या टप्प्याचा होता, म्हणजे जुन्या चांगल्या उपचाराशी नव्याची तुलना. पहिल्या टप्प्यात औषधाचा सुरक्षित डोस शोधला जातो, बहुधा इतर उपाय थकलेल्या मुलांमध्ये. तिथे आशा असते, पण ती वेगळ्या मापाची असते आणि ती त्याच मापात सांगितली गेली पाहिजे. एवढे लिहिताना हेही विसरता येत नाही की असा विभाग दारात असणे हाच मुळात योग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत तीस टक्क्यांहून कमी. यांतल्या बऱ्याच मुलांना नव्या संशोधनाआधी वेळेवर निदान आणि १९५३ सालची ती गोळीच मिळायला हवी आहे.

यंदा आम्ही पुन्हा संशोधन-कक्षात गेलो. उपचारांतल्या तांबड्या औषधाने, डॉक्सोरुबिसिनने, पुढे हृदय कमकुवत होऊ शकते, म्हणून बरी झालेली मुले वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवण्याचा एक अभ्यास आहे. मुलगी आता आठ वर्षांची आहे, त्यामुळे या वेळी आमच्या सहीबरोबर तिचीही संमती लागणार होती. तिच्यासाठी दोन पानांचा, मोठ्या अक्षरांचा वेगळा कागद होता. आमच्या बाडापेक्षा तो शतपटीने बरा लिहिलेला होता. हृदयाची सोनोग्राफी, चालेल. दरवर्षी प्रश्नावली, चालेल. शेवटी एक ऐच्छिक चौकट होती : भावी संशोधनासाठी रक्ताची एक जादा नळी साठवायची का? तिने विचारले की त्यासाठी वेगळी सुई टोचतील का. बाई म्हणाल्या, हो, आज टोचावी लागेल. तिने दंडाकडे पाहिले आणि “नाही” म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडले होते. ज्यांच्या नळ्यांवर ती वाचली त्यांच्याविषयी दोन वाक्ये माझ्या जिभेवर तयार होती. समन्वयक बाईंनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ‘नाही’ पुढच्या चौकटीत खूण केली, कागद मुलीकडे वळवला आणि म्हणाल्या, “इथे नाव लिही, सावकाश.”